कुडाच्या तीन चौकटी

डहाणू रोड
१७ फेब्रुवारी २०१९

चैत्या,

प्रिय वगैरे लिहीत नाही, तुला हसू येईल. चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो, तेव्हा तुला वाचता येतं हे मला माहीत आहे आणि माझं अक्षर तुला लागतं हेही. सावकाश वाच. फोन तू उचलत नाहीस, सतरा वेळा लावला. नरपडला कुठल्या चिकूच्या वाडीत राखणीला राहिलास तेही कुणी धड सांगत नाही. म्हणून हे पाकीट रूपीच्या हाती देतोय. कॉलेजातून हॉस्टेलला जाताना ती माझ्या दुकानावरून जाते. तुझी मुलगी माझ्याकडे बघत नाही, पण पाकीट तिनं घेतलं.

पाड्यावर हादरे चालूच आहेत. काल दोन झाले, परवा एक. लोक अजून ताडपत्रीखाली झोपतात. सरकारी माणसं येऊन यंत्र बसवून गेली. त्यातल्या एकाला मी दोन प्रश्न विचारले, त्याला उत्तरं आली नाहीत.

खोलीचं सांगायला लिहितोय. आपल्या होम थिएटरच्या पूर्वेच्या भिंतीला छतापासून सव्वा फुटाची चीर गेली आहे. दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा सुटला. पण तू बांधलेल्या कुडाच्या भिंतीला काही नाही. मी बॅटरी लावून वीतवीत पाहिलं. एक केसाएवढी रेघ सापडली, तीही लिंपणाची, आधीचीच. एवढ्या हादऱ्यांत कारवीच्या काठ्या नुसत्या जरा डोलतात आणि जागेवर येतात. हे तुला कळावं असं वाटलं.

पाड्यावर माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्यापर्यंत आलंच असेल, म्हणून क्रमानं लिहितो. डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी हादरा बसला आणि सगळे घराबाहेर आले. मी म्हटलं, "माझ्याच स्पीकरचा डबा आहे, जा घरात." लोक आत गेले. मग दुसरा हादरा आला, मोठा, आणि तुझ्या घरातली मधली भिंत तुझ्या बायकोच्या हातावर पडली. एवढंच घडलं. मी नाव घेऊन कुणालाही आत पाठवलं नाही. सगळ्यांना मिळून म्हटलं. माझा अंदाज चुकला. अंदाज कुणाचाही चुकतो.

धोंडीचा हात कसा आहे ते कळव. सिल्वासाच्या डॉक्टरनं पुन्हा कधी बोलावलंय?

रविंद्र


डहाणू रोड
३ मार्च २०१९

चैत्या,

रूपी म्हणाली की तू पत्र वाचलंस. काही बोललास का विचारलं, तर म्हणाली, "नाही, घडी घालून ठेवलं." ठीक आहे. फेकलं नाहीस.

गेल्या खेपेला मी "आपलं होम थिएटर" असं लिहिलं. पाकीट बंद केल्यावर माझ्याच लक्षात आलं की हा शब्द मी पहिल्यांदा वापरला. तू काम करत होतास ते चार महिने मी "माझी खोली" म्हणत होतो. स्टेट बँकेचे साहेब बघायला आले तेव्हा तर "माझी रचना" म्हणालो होतो. तू तिथंच उभा होतास, हातात करवत होती.

मी सातवी झालेला माणूस. रेडिओ उघडून उघडून शिकलो. होम थिएटरवरची इंग्रजी पुस्तकं कॉम्प्युटरवाल्याकडून छापून आणली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, एकेक पान दोन-दोन दिवस. त्यात जे खर्च लिहिले होते त्यांत आपल्याकडे अख्खं घर बांधून होतं. माझ्याजवळ सगळे मिळून पंचेचाळीस हजार. निलम बायकोच्या हक्कानं म्हणाली, "टीव्ही घ्या मोठा आणि गप बसा." पण मला माहीत होतं की खोली नीट असली तर जुनं सामानही गाणं म्हणतं, आणि खोली वाईट असली तर नवं सामान बोंबलतं. हे पुस्तकात पाचव्या प्रकरणात आहे, पण मला ते आधीच कळलं होतं.

प्रोजेक्टर वापीच्या बंद पडलेल्या क्लासचा. खुर्च्या भिलाडच्या भंगारातून, खाजगी बसच्या, सहा, त्यातली एक मागे झुकते ती झुकतेच. पडदा विकत घेतला नाही. भिंतीलाच रंग दिला, पांढऱ्यात काळ्याचे थेंब मोजून घातले, एका डब्याला अकरा. बाराव्या थेंबाला चेहरे आजारी दिसायला लागले म्हणून पुन्हा सगळी भिंत घासायला लावली तुला. आणि बारा इंची स्पीकरचा तो मोठा डबा, मोडलेल्या बँडवाल्याकडचा, त्याला जुन्या काउंटरच्या प्लायचं खोकं मी स्वतः बांधलं. त्या डब्यानं नाव काढलं माझं.

पण खोलीत टाळी वाजवली की ती परत यायची. टर्र करून. चारही भिंती विटांच्या, गुळगुळीत. लोकांनी अंड्याचे ट्रे लावा म्हणून सांगितलं. मी अंड्याच्या ट्रेवर विश्वास ठेवणारा माणूस नाही.

मग तुझ्या घरी जेवायला बसलो होतो तो दिवस. तुझ्या चार खोल्यांमधली मधली भिंत कुडाची होती, कारवीच्या काठ्या, वरून माती, शेण आणि भाताचा तूस. धोंडी ताट मांडताना माझ्याशी काहीतरी बोलली आणि मला जाणवलं की तिचा आवाज भिंतीवर गेला तो परत आलाच नाही. मी उठून टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. धोंडी म्हणाली, "चैत्या, तुझ्या शेठला भगत बोलव." तू तोंडात घास घेऊन हसलास.

मला तशी भिंत हवी होती आणि ताबडतोब हवी होती. कारवी तोडायला जंगलवाले सोडत नव्हते. मी म्हटलं, तुझीच दे. मधलीच तर आहे, तिच्यावर छप्पर थोडंच आहे. त्या टाळीपायी माझ्या खोलीची मागची भिंत मी पाडली होती, तिच्या विटा पडून होत्या. त्या तू घे, पक्की भिंत होईल. धोंडीला ते आवडलं नव्हतं. "मातीची भिंत दिवाळीला लिंपली का नवी होते," ती म्हणाली. "विटेला काय करू? तिला पावडर लावू?" मी तिला पक्क्या घराचे फायदे सांगितले. बराच वेळ सांगितले.

तू काठ्या सोडवल्यास, माझ्या खोलीत नव्यानं बांधल्यास. मागून वायर न्यायची होती म्हणून मी तीन सुट्या चौकटी करायला लावल्या. धोंडीनं तीन दिवस लिंपण केलं. मी तिला सांगत होतो की बोटं दिसता कामा नयेत, सपाट कर. ती म्हणाली, "सपाट पायजे तं परीट बोलव, इस्त्री करल." तिची बोटं तशीच उठली, पट्टे पट्टे, अर्धगोल. आणि ऐकशील? पुढे मी पुस्तकात वाचलं की आवाज पसरायला भिंत तशीच खडबडीत लागते. मोठ्या शहरांत लोक त्यासाठी लाकूड कोरून घेतात. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तुलाही आज सांगतोय.

हे सगळं लिहिलं कारण पुढचं लिहायचं होतं. पण गिऱ्हाईक आलंय.

रविंद्र


डहाणू रोड
२४ मार्च २०१९

चैत्या,

शुक्रवारी रूपी दुकानात आली. बसली नाही. मी सहज म्हटलं, "आयला नरपडची हवा मानवते का? हाताला खारा वारा चांगला नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काका, आय नरपडला कुठं आहे? आय आशागडला मामाकडे आहे. डिसेंबरपासून."

"आणि बा?"

"बा एकटा आहे. तुम्हाला काय वाटलं, दोघं वाडीत मजेत आहेत?"

मग तिनं सांगितलं. रागानं नाही, बातम्या सांगाव्यात तसं. पहिल्या हादऱ्यानंतर धोंडी ओट्यावर बसून राहिली होती, आत जायला तयार नव्हती. माझं बोलणं ऐकून तू तिला हाताला धरून आत नेलंस. "रवीला डब्यातलं कळतं, तुला काय कळतं, घाबरट," असं म्हणालास. चूल पेटवायला लावलीस. आता ती तुझ्याशी बोलत नाही. आणि तू म्हणतोस, बरोबर आहे, मीच नेलं.

चैत्या, हे मला माहीत नव्हतं. मी इथं तीन महिने धरून चाललो होतो की तुम्ही दोघं मिळून माझ्यावर रागावलेले आहात. ते मला चालत होतं.

तू नेलंस ते माझ्या शब्दावर. हे तिला कुणीतरी सांगायला हवं. आणि माझा शब्द कसा पडला तेही. नोव्हेंबरपासून सांगतो.

पहिला हादरा आला तेव्हा मी खोलीत खरोखरच सिनेमा लावला होता. घोड्यांचा. तुला आठवत असेल, त्याच सिनेमाला तू पहिल्या दिवशी मागून टापा आल्या म्हणून वळून पाहिलं होतंस, आणि धोंडी म्हणाली होती, "लीद नाय, वास नाय, कसले घोडे?" तर तो चालू होता. सहा महिने मी त्या डब्यातून एक खालचा सूर काढायला धडपडत होतो, जो कानाला ऐकू येत नाही, तळपायाला लागतो. आणि एकदम जमीन हलली. कपाटातल्या काचा किणकिणल्या. मला वाटलं, निघाला. मी उभा राहिलो, चैत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाहेर तू ओरडत होतास, "रवीशेठ, हळू कर, मडकी पडतील!" मी बाहेर येऊन म्हटलं, "केला हळू." आणि मी खरंच आवाज कमी केला, आणि जमीन थांबली. मला सांग, कुणीही काय समजलं असतं?

दुसऱ्या दिवशी पेपरात भूकंप म्हणून आलं. लोक हसले. पण मी म्हटलं, भूकंप असेल तो असेल, आपल्याकडचा माझा होता. तेव्हापासून पाड्यावर रीतच पडली. काही हललं की कुणीतरी विचारायचं, "रवीशेठ, तुझा का जमिनीचा?" मी सांगायचो. माझा असला तर लोक आत जायचे, जमिनीचा असला तर बाहेर थांबायचे. सुकऱ्याची म्हातारी तर माझ्या दारात येऊन विचारून जायची. अठ्ठेचाळीस वर्षांत मला कुणी इतकं काही विचारलं नव्हतं.

बहुतेक वेळा मी बरोबर सांगितलं. त्या संध्याकाळी चुकलो. मी दुकानातून मोटरसायकलवर येत होतो, गाडीवर हादरा मला लागलाच नव्हता. तू ओट्यावरून विचारलंस, "तुझा का जमिनीचा?" मला वाटलं, निलमनं घरी काहीतरी लावलं असेल. म्हणून म्हटलं, माझाच.

हे तू धोंडीला जाऊन सांग. की रवीचीच चूक होती, चांगल्या मनानं झालेली.

रविंद्र


डहाणू रोड
१४ एप्रिल २०१९

चैत्या,

तू गेला नाहीस. रूपी म्हणते, "बा म्हणतो, त्याच्या चुकीनं माझी चूक पुसत नाय."

भिंतीचं लिहितो. मी तुझ्या घरात परवा जाऊन आलो. कुलूप नव्हतं, दाराला सुतळी होती. सोडली, परत तशीच बांधली. विटांचा ढीग तिथंच आहे. मी टेप घेऊन गेलो होतो.

ती भिंत मी स्वतः बांधली होती. तू म्हणालास की गवंडी लावू, मी म्हटलं, गवंड्याला काय कळतं. चार इंची, अर्ध्या विटेची, दहा फूट लांब, मध्ये एकही खांब नाही. माथ्याला वाशाशी बांधलेली नाही. बाजूच्या भिंतीत एकही वीट घुसवलेली नाही, नुसती टेकवलेली. सिमेंट वाचवायला मी त्यात माती जास्त घातली होती. परवा त्यातल्या दोन विटा हातानं सुटल्या.

ओळंबा मात्र मी चार वेळा लावला होता. तुला आठवेल, तुला धरायला लावून मी लांबून एक डोळा मिटून बघत होतो. दोरी कुठे सुतभर हलत नव्हती. मी धोंडीला म्हटलं होतं, "बघ, अशी सरळ भिंत तालुक्यात नाही." ती सरळ होतीच. सरळच पडली, अख्खी, दार पडावं तशी.

तुझी कुडाची भिंत तिथं असती तर नुसती डोलली असती.

चुलीशी अजून तवा आहे. मी हलवला नाही.

रविंद्र


डहाणू रोड
५ मे २०१९

चैत्या,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं आहे. पाचव्यांदा लिहितोय म्हणजे अक्षर चांगलं येईल असं वाटलं होतं, तसं आलेलं नाही.

मार्चमध्ये मी तुला लिहिलं की निलमनं काही लावलं असेल असं मला वाटलं. ते खरं आहे. पण तिथं मी थांबलो. पुढचं लिहितो.

तुला "माझाच" असं सांगून मी गाडी लावली आणि घरात गेलो. घरात कुणी नव्हतं. निलम पीठ आणायला गिरणीवर गेली होती. खोलीचं दार बाहेरून ओढलेलं. उघडलं. आत अंधार. प्रोजेक्टरवर कापड तसंच घातलेलं. मी दुकानाला निघताना रोज डब्याचा प्लग काढतो आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगतो, विजेच्या भीतीनं. तुला ती सवय माहीत आहे, तू चेष्टाही करायचास की शेठ डब्याला फाशी देतो. प्लग खिळ्यावर होता. सकाळी मी टांगला होता तसाच, वायरीचा वेढा डावीकडे.

म्हणजे तो माझा नव्हता. जमिनीचा होता. आणि हे मला सहा वाजून चौदा मिनिटांनी कळलं, कारण मी घड्याळ पाहिलं. मी घड्याळ पाहतोच.

दुसरा हादरा सहा पस्तीसला आला. मधली एकवीस मिनिटं मी घरातच होतो.

मी प्लग हातात घेतला. खिडकीतून तुझा ओटा दिसत होता, रिकामा. सगळे आत गेले होते. कुणाच्या तरी घरातून फोडणीचा आवाज आला. मी विचार केला, आता बाहेर जाऊन ओरडायचं, बाहेर या, माझा नव्हता. मग काकड्या म्हणेल, "शेठ, तुला तुझा डबा ओळखता येत नाय?" सगळे हसतील. उद्यापासून कुणी विचारणार नाही. मला वाटलं, एवढे हादरे झाले, कुणावरही काही पडलं नाही. आजचाही जाईल. उद्या सांगू. मी पाय धुतले. चहा ठेवला. चहा गाळत होतो तेव्हा जमीन गेली.

पहिल्यांदा तुझा आवाज आला. धोंडीचा आलाच नाही.

एकवीस मिनिटं पुष्कळ असतात, चैत्या. तुझ्या ओट्यापर्यंत माझ्या दारापासून चौतीस पावलं आहेत. मी नंतर मोजली.

तू तिला आत नेलंस कारण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तुझ्याजवळ कळायला काही साधन नव्हतं. माझ्याजवळ होतं, माझ्या हातात होतं. तेव्हा तू स्वतःला जे लावून घेतलं आहेस ते काढ. ते माझं आहे.

निलमला हे माहीत नाही. हे वाचून झालं की तिलाही कळेलच, पाड्याला कळेल. कळू दे.

रविंद्र


डहाणू रोड
२६ मे २०१९

चैत्या,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. पाच तारखेचं आधी वाच, नसशील वाचलं तर. मग हे.

ते पत्र रूपीनं तुला दिलं नव्हतं. मी पाकीट चिकटवलं नव्हतं, तिनं माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचलं. टेबलावर ठेवलं. म्हणाली, "हे मी बाला देणार नाही."

"का?"

"बाला देऊन काय? तो वाचंल, घडी घालंल. आयचा हात गेला ना, काका? आधी आयला सांगा. तोंडानं." मग दारातून परत आली आणि म्हणाली, "आणि तिथं इंग्रजी बोलू नका."

जायला मला अठरा दिवस लागले. आशागड इथून दहा मिनिटांवर आहे.

धोंडी तिच्या भावाच्या अंगणात बसली होती, डाव्या हातानं तूर पाखडत होती. सूप उजव्या कोपरानं पोटाशी दाबलेलं. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत हे मला ठाऊक होतं. उरलेली मिटत नाहीत हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला बघून तिनं काम थांबवलं नाही. तिचा भाऊ लक्ष्या खाट घेऊन आला, ती म्हणाली, "राहू दे, शेठला उभं राहता येतं."

मी सगळं सांगितलं. प्लग, खिळा, घड्याळ. एकवीस मिनिटं. मी तयारी करून गेलो होतो, पण मधेच क्रम चुकला आणि चहाचं आधी सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे तुला माहीत व्हतं."

"हो."

"अन चैत्याला?"

"नव्हतं. त्यानं माझं ऐकलं फक्त."

तिनं सूप खाली ठेवलं. लक्ष्या मध्येच काही म्हणायला गेला, तिनं हातानं गप केलं, त्याच हातानं.

"मला घाबरट म्हनला तो," ती म्हणाली. "वीस वर्सं घरात साप निघाला तं मी मारते. मला घाबरट."

मी म्हटलं की ते माझ्यामुळे. ती म्हणाली, "ते त्याचं. ते तुझ्यात नको घालू. घाबरट तो म्हनला, ते त्यानं येऊन सांगायचं. बाकीचं तुझं."

मी विचारलं, चैत्याला मी जाऊन सांगू का, नरपडला, तोंडानं, तुला सांगितलं तसं? माझी खरंच तयारी होती. ती हसली. पहिल्यांदा हसली, पण मला बरं वाटावं असं ते हसणं नव्हतं.

"तू बोलू नको," ती म्हणाली. "तू बोलला का लोक ऐकतात. तू लिही."

म्हणून लिहितोय.

निघताना मी भिंतीचं काढलं. मी म्हटलं, तुझी कुडाची भिंत मी परत आणून देतो, तुमच्या घरात पुन्हा उभी करून देतो, या वेळी माथ्याला नीट बांधून. तिनं मला बोलणं पुरं करू दिलं नाही. "आणून ठेव. उभी तू नको करू."

तेव्हा कालच्या शनिवारी तिन्ही चौकटी हलवल्या. मागच्या वायरी मी आधी काढून घेतल्या. सुकऱ्या, काकड्या, शुक्रा आणि मी, एकेका चौकटीला चौघं. पाड्यावर मी आदल्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं, धोंडीनं बोलू नको म्हटलं होतं तरी, कारण तिथं मी बोललो होतो. कुणी हसलं नाही. मी त्याचीच तयारी केली होती आणि कुणी हसलं नाही. सुकऱ्याच्या म्हातारीनं मला पाहून दार लावून घेतलं. चौकटी उचलताना काकड्या एवढंच म्हणाला, "रवी, तुझी बाजू खाली जाते, नीट धर." शेठ म्हणाला नाही.

चौकटी तुझ्या पडवीत ठेवल्या आहेत, उभ्या नाहीत, भिंतीला कलत्या. वाहताना पहिलीचं लिंपण वरच्या बाजूला वीतभर पडलं. दुसरी ठीक. तिसरीची एक काठी सरकली आहे, ती तू बघशील. वर ताडपत्री टाकली आहे, पण पडवीला पश्चिमेकडून झड लागते आणि माती किती दिवस धरेल ते मला तुझ्याइतकं कळत नाही. पाऊस पंधरा दिवसांवर आहे. विटा मी तुझ्या घरातून उचलून नेल्या. तवा तिथंच आहे.

खोलीला आता तीनच बाजू आहेत. काल रात्री एकदा डबा लावून पाहिला. आवाज येतो आणि मागच्या पडक्या जागेतून निघून जातो. आज प्लग काढून खिळ्याला टांगला आणि खिळ्यासकट दुकानात आणून ठेवला.

एक राहिलं. मधली चौकट, खालून अडीच फुटांवर, डाव्या बाजूला. लिंपण संपलं त्या दिवशी धोंडीनं तिथं आपला हात दाबला होता, उजवा, पाची बोटं, बांगडीची रेघसुद्धा उठली आहे. सगळ्या भिंतीत तेवढीच जागा ठरल्याप्रमाणे नव्हती. मला ती चूक वाटली. मागचा डावा स्पीकर खरं तर सहा इंच पलीकडे असायला हवा होता, पुस्तकात तसा कोन दिला आहे. पण तो हात झाकला जावा म्हणून मी स्पीकर त्याच्यासमोर आणला. दोन वर्षं त्या बाजूचा आवाज जरासा आत ओढलेला यायचा, आणि तो का येतो असं विचारणाऱ्याला मी वेगळीच कारणं सांगायचो.

चौकट उभी करशील तेव्हा ती बाजू चुलीकडे कर. तिला बसल्या जागेवरून दिसेल.

रविंद्र